गिरवायचं नाही

जून लागला, म्हणजे इथे ऑकलंडच्या बाजूला हिवाळा लागला, की हॅमिल्टनमध्ये सकाळी खिडकीबाहेर काहीच नसतं. समोरच्यांचं कुंपण नाही, रस्ता नाही, कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, तेही नाही. सगळं धुक्याने गिळलेलं. नदी जवळ आहे ना, त्यामुळे ते दहा-अकरापर्यंत हलायचं नावही घेत नाही. आणि आतल्या बाजूने काचांना घाम फुटलेला. इथली जुनी घरं अशीच, बाहेर थंड आणि आत ओली. जुना टॉवेल घेऊन काचा पुसत फिरायचं, हा आमचा हिवाळ्यातला रोजचा पहिला उद्योग. या वर्षीचं तसं पहिलं धुकं परवा पडलं. मी टॉवेल घेऊन उभी राहिले आणि काच पुसायचं सोडून आईचा विचार करत बसले. चहा गार झाला, ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

दोन हजार तेराचा हिवाळा तो. आई पहिल्यांदाच इकडे आली होती, पुण्याचा मे महिना चुकवायला. "उन्हाळा नको म्हणून आले, तर तू मला फ्रीजमध्येच ठेवलंस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आषाढात अंगावर दोन स्वेटर, पायात माझ्या नवऱ्याचे लोकरीचे मोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. दिवाळी इथे वसंतात येते हे ऐकल्यावर तर तिने हातच टेकले. "तुमचं पंचांग कोणीतरी उलटं टांगलंय," म्हणाली.

माझी आई प्राथमिक शाळेत बाई होती आणि बाईंचं अक्षर हे आमच्या सगळ्या पेठेत प्रकरण होतं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तिच्याच हातचा. लग्नसराई आली की पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घालायला लोक गठ्ठेच्या गठ्ठे आणून टाकायचे आणि आई स्वयंपाक आटपून, पदर खोचून बसायची. शाईचा एक थेंब इकडचा तिकडे नाही. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे साहेब झाली आहेत, पण त्यांचा 'ळ' बघितला की मी ओळखते. शिकवायची तिची पद्धत एकच, गिरवणं. पाटीवर ती 'ग' काढून देणार, तो मी गिरवायचा. तो मनगटाएवढा जाड होईपर्यंत गिरवायचा. जरा वाकडा गेला की मागून तिचा हात माझ्या हातावर यायचा आणि कानाशी आवाज. "पुन्हा गिरव."

तो हात आता थरथरत होता. कंपवात. आदल्या वर्षी निदान झालं होतं. गोळ्या चालू होत्या, चालणंबिलणं ठीक होतं, पण अक्षर गेलं होतं. ओळ सुरू व्हायची बरी आणि पुढे पुढे मुंग्यांएवढी होत जायची. आईने मग लिहिणंच टाकलं. वाण्याची यादीसुद्धा ती फोनवर सांगायला लागली.

हे सगळं मुकाट गिळलं असतं तिने, पण आदल्या नोव्हेंबरात बँकेत जे झालं ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे काय, तर आपण जिवंत आहोत असं सही करून सांगायचं. आईने सही केली, काउंटरवरच्या मुलीने ती जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "आजी, जुळत नाहीये." पुन्हा केली, पुन्हा जुळेना. तेव्हा तिने शाईचा पॅड पुढे सरकवला. अंगठा द्या म्हणाली. वाईट हेतू नव्हता बिचारीचा. आतले एक साहेब आईला ओळखणारे निघाले, त्यांनी यंदापुरतं चालवून घेतलं, पण पुढच्या वर्षी अंगठाच द्यावा लागेल असं सांगून. आई घरी आली ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. सगळ्या पेठेला अक्षर शिकवलेली बाई, आणि शेवटी अंगठेबहाद्दर. हा शब्द तिने स्वतःच वापरला, आणि तो वापरताना तिचा चेहरा कसा झाला असेल हे मला इथे फोनवरही दिसत होतं.

त्यामुळे ती इकडे आली तेव्हा मी चंगच बांधला होता. नोव्हेंबरच्या आत सही जुळवायचीच. दुरेघी वह्या आणून ठेवल्या होत्या, दाबायला रबरी चेंडू, पकडायला जाड पेन. रोज सकाळी धुक्यात आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. "आई, आज अर्धं पान." आई पाच मिनिटं लिहायची, मग पेन ठेवून द्यायची आणि हात स्वेटरच्या खिशात. मी चिडायचे. ती म्हणायची, "तू अगदी माझ्यासारखी शिकवतेस गं," आणि ते काही कौतुक नव्हतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. अक्षर गेलं म्हणजे आई जायला लागली, असंच मला वाटायचं.

तेव्हा मी शनिवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत चिनी अक्षरलेखनाच्या वर्गाला जायचे. का, ते विचारू नका. दिवसभर दुधाची पावडर तपासायची आणि स्क्रीनवरचे आकडे बघायचे, अशी माझी नोकरी. स्क्रीन नसलेलं काहीतरी हवं होतं, नोटीस दिसली, गेले. शिकवणाऱ्या बाई चीनमधून मुलाकडे राहायला आलेल्या, आईच्याच वयाच्या, तब्येतीने काटकुळ्या. त्यांचं आडनाव 'शू'. चिनी लोक म्हणतात तसं म्हटलं तर 'श्यू'च्या आसपास, पण आपल्या कानाला 'शू'च. पहिल्या शनिवारी आईला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून बरोबर नेली आणि वाटेत गाडीत नाव सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, एवढ्या वयाच्या बाईंना 'शू' म्हणून हाक कशी मारू? लहान मुलं काय म्हणतात आपल्याकडे." तेव्हा तिने सरळ 'बाई' म्हणायला सुरुवात केली. मी आईला 'आई' म्हणते हे ऐकून बाईंना वाटलं की तेच तिचं नाव. त्यांच्या भाषेत 'आय' म्हणजे प्रेम. असं सुंदर नाव कोणी ठेवलं, असं त्यांनी विचारलं. मी खुलासा करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "राहू दे. ह्या मुलीनेच ठेवलंय म्हणून सांग."

आई मागे बसून राहायची, कोट न काढता, पर्स मांडीवर, हात खिशात. मी नुसती बसते म्हणाली होती, आणि नुसती बसायची. पण जन्मभर वर्ग घेतलेली बाई ती, नजर कशी गप्प बसणार? परत येताना गाडीत शाळा तपासणीचा अहवाल सुरू. बाई ब्रश सरळ उभा धरायला सांगतात हे ठीक, पण बोटं इतकी सैल? मुठीत कोंबडीचं अंडं ठेवलंय असा तळहात पोकळ ठेवा म्हणतात, असं धरून पोरांच्या हातात पेन्सिल तरी ठरणार आहे का? आणि लिहायच्या आधी इतका वेळ नुसतंच कागदाकडे बघत बसायचं? "आमचा तास चाळीस मिनिटांचा असायचा. अशी बसले असते तर 'अ'सुद्धा झाला नसता."

ते बघत बसणं हाच तर बाईंचा सगळा अभ्यास होता. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं आणि वडील ताओ मानणारे. ताओ म्हणजे वाट. पाणी उतारावरून आपोआप जातं तशी जगाची एक चाल आहे, तिच्याशी झोंबू नये, एवढंच त्यात सांगितलंय असं बाई म्हणत. आणि जुन्या काळच्या लिहिणाऱ्यांनी ते ब्रशात कसं आणलं हे दाखवत. रेघ ओढायची नाही, सोडायची. आधी श्वास, मग हात. कागदावर जे काळं झालं ते अक्षर आणि जे पांढरं राहिलं तेही अक्षरच, म्हणून पांढऱ्याला जागा द्यायची. बाहेर धुकं असलं की त्या खिडकीकडे बोट करायच्या. त्या पांढऱ्यात एकच झाड अर्धंमुर्धं दिसत असायचं. "गुड पेज," म्हणायच्या.

एकदा त्यांनी 'वाट' हे अक्षर घातलं. त्याचे दोन भाग, एक डोकं आणि एक चालणारं पाऊल. पाऊल शेवटी काढायचं, खालून लांब, होडीच्या तळासारखं, आणि डोकं त्यात बसवून न्यायचं. मी हे मराठीत आईला सांगत होते. तिने मागूनच विचारलं, "डोकं आणि पाय. यात हात नाही ना कुठे?" नाही म्हटलं. "मग बरं आहे," म्हणाली. आम्ही कशाला हसतोय म्हणून सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, पण हसत फक्त आई होती आणि मला हसू येत नव्हतं.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो न करण्यावरून. बाईंच्या वडिलांचा शब्द होता, त्याचा अर्थ न करणं. लिहिताना आपण काही करायचं नाही. मी आईला तसंच्या तसं सांगितलं तर ती म्हणाली, "हे तर आळशांचं तत्त्वज्ञान झालं." मी परत बाईंना विचारलं. बाई इंग्रजीत अडखळल्या, दोन-चार शब्द टाकून बघितले, नॅचरल म्हणाल्या, इझी म्हणाल्या, मान हलवून दोन्ही परत घेतले. मग त्यांनी ब्रश उचलला आणि एक आडवी रेघ सोडली. आई बघत होती. बराच वेळ बघून माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहज म्हणायचंय त्यांना." मी चमकलेच. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, सहज आले होते, सहज फोन केला, आणि त्या शब्दात इतकं काही बसतं हे मला कधी जाणवलं नव्हतं. मी बाईंना सांगितलं की आईला शब्द सापडला. त्यांनी तो तीन-चारदा म्हणून पाहिला. 'सहच' म्हणायच्या, पण म्हणायच्या.

जुलैच्या शेवटाला एका शनिवारी धुकं लवकर उठलं आणि ऊन पडलं. बाईंनी वर्ग तळ्यावर नेला. झाडूच्या जुन्या दांड्याला टोकाशी स्पंज बांधलेला, असा भला मोठा ब्रश त्यांनी घरी केला होता आणि बादलीत तळ्याचं पाणी. त्यांच्या गावी म्हातारी माणसं बागेत अशी पाण्याने फरशीवर लिहितात, कागद नाही, शाई नाही. लिहिता लिहिता मागचं वाळत जातं. काँक्रीटच्या वाटेवर त्यांनी दोन अक्षरं लिहिली, इतकी मोठी की आम्ही चालत जाऊन वाचली. अर्ध्या चड्डीत, जॅन्डल्स म्हणजे रबरी चपला घालून एक जण कुत्रा घेऊन चालला होता. त्या थंडीत जॅन्डल्स, पण इथले लोक असेच. तो अक्षरं चुकवून गवतातून गेला आणि जाता जाता "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास.

बाईंनी दांडा आईपुढे धरला. आई नको म्हणाली. बाईंनी दांडा तसाच धरून ठेवला. "नो पेपर, आई. नोबडी कीप." कोणी जपून ठेवणार नाही, ताडून बघणार नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार होते, पण का कोण जाणे, गप्प राहिले. तिने खिशातून हात काढले. दोन्ही हातांनी दांडा धरला, स्पंज बुडवला, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कोणी न सांगता लिहिलं. 'ग'. गमभनातला. जन्मभर ज्याने सुरुवात केली तो.

पोट छान आलं, गोलसर. काना उतरताना मात्र दांडा थरथरला आणि रेघ नागमोडी झाली. आईचं तोंड उतरलं. ती दोन पावलं मागे आली आणि स्पंज परत त्या कान्यावर टेकवला, नीट करायला. तोच बाईंनी झडप घालून दांडा पकडला. इतक्या हळू बोलणाऱ्या बाई, पण अशा ओरडल्या की बदकं उडाली.

"नो! फिनिश. गो."

"अहो बाई, गिरवायचं नाही?" आईने मराठीतच विचारलं. "मी पोरांना दुसरं काय शिकवलं आयुष्यभर?"

मी मध्ये पडून दोन्हीकडचं समजावलं. त्यांच्याकडे एकदा गेलेल्या रेघेवर पुन्हा जायचं नाही, सगळ्यात मोठी चूक तीच. रेघ वाकडी आली तर ती त्या क्षणाची रेघ, तिच्यावर पुन्हा ब्रश नेला की ती खोटी होते. बाई आईच्या खांद्यावर हात ठेवून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "हॅन्ड शेक, ओके. लाइन शेक, ओके. यू फाइट, नॉट ओके." आणि त्या नागमोडी कान्याकडे बोट करून सांगितलं की अशी रेघ त्यांच्याकडे मुद्दाम शिकतात. तिचं नावच आहे, गळक्या छपराचा ओघळ. भिंतीवरून पाणी थांबत थांबत उतरतं तशी. ती यावी म्हणून लोक वर्षानुवर्षं घासतात आणि तुम्हाला फुकट आली, असं म्हणून त्या हसल्या.

आई त्या ओघळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वरची रेघ तरी देऊ द्या. नाहीतर पडेल तो." बाईंना कळेना. आईने स्वतःच इंग्रजीत सांगितलं, "टॉप लाइन. अदरवाइज फॉल." बाईंनी मान हलवून परवानगी दिली. आईने 'ग'च्या डोक्यावर आडवी रेघ सोडली, हो, सोडली, आणि ती चक्क सरळ गेली. त्यानंतर 'म', 'भ', 'न'. तोवर 'ग'चं पोट वाळून गेलं होतं. मी तिथे तळ्याकाठी उभी राहून रडत होते आणि ते लपवायला बादली भरायच्या निमित्ताने खाली वाकले.

त्यानंतर वह्या मी आपणहून कपाटात टाकल्या. सकाळी उठून बघावं तर स्वयंपाकघराची काच आईने बोटाने लिहून भरून टाकलेली असायची. कधी माझं नाव, कधी 'चहा टाक', कधी नुसत्याच वेलांट्या. घाम फुटलेल्या काचेवर अक्षरांच्या खालून पाण्याचे ओघळ उतरायचे आणि ती नवऱ्याला सांगायची, "बघा, गळकं छप्पर." मी तेवढी एक काच पुसायचं सोडून दिलं. बाई आणि ती दोघी शनिवारी वर्ग संपल्यावर डंपलिंग्ज खात बसायच्या. एकीचं इंग्रजी चीनचं, एकीचं सदाशिव पेठेचं, आणि गप्पा माझ्याशिवाय व्यवस्थित चालायच्या. काय बोलता विचारलं तर दोघी म्हणायच्या, सहच.

ऑगस्टअखेर ती परत गेली. नोव्हेंबरात बँकेत गेली, सही केली, आणि जुळत नाही म्हटल्यावर शांतपणे म्हणाली की ती जुनी सही जुन्या हाताची आहे, आता नवीन नमुना घ्या. घेतला त्यांनी. पुढची काही वर्षं दर नोव्हेंबरात मी इथे जीव मुठीत धरून बसायचे. सही दर वर्षी निराळी यायची, आई दर वर्षी नवीन नमुना देऊन यायची आणि बँकेने तिच्यापुढे हात टेकले होते. बाई मध्यंतरी मुलाबरोबर ऑकलंडच्या अवोन्डेल भागात राहायला गेल्या. तिथल्या रविवारच्या बाजारात एकदा भेटल्या, पहिला प्रश्न, "आई राइटिंग?" मी हो म्हणाले.

गेल्या नोव्हेंबरात आईचा फोन आला. मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये होते, ट्रॉलीतलं सामान गाडीत भरत. आता तिला फोन धरायलाही त्रास होतो, स्पीकरवर ठेवते, त्यामुळे मागे सगळं घर ऐकू येतं. कुकर, शेजारचा टीव्ही. इकडचं तिकडचं झालं. जावयांची चौकशी झाली. मग म्हणाली, "बँकेत जाऊन आले. अंगठा दिला."

हातात दुधाचा कॅन तसाच. मी विचारलं, कोणी काही बोललं का, त्या मुलीने जबरदस्ती केली का, मी मॅनेजरला फोन करू का.

"कोणी काही बोललं नाही गं. पेन घेतलं, ते येईना. मग मीच म्हटलं, आण तो पॅड. ती मुलगीच बिचारी माझ्याकडे बघत राहिली."

मी रडायला लागले. भर पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते झालं होतं आणि मी तिथे नव्हते. तिकडे ती ऐकत होती. कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत आई थांबली.

"रडतेस काय अशी? सही माझी होती आणि अंगठा काय शेजारणीचा आहे?"

मग म्हणाली, बोटाची शाई अजून निघत नाहीये, लिंबू लावून बघते, आणि फोन ठेवला.